घरच्या मसाला चहाचे वय किती? देवळीचे स्वयंपाकघर, सुरतेचे बंदर आणि १९४२ चे दोन तुरुंग

१/
हिवाळा लागला की एक संदेश हमखास फिरू लागतो. मसाला चहा म्हणे पाच हजार वर्षांपूर्वी एका भारतीय राजाच्या दरबारात जन्मला, ऋषिमुनींनी त्याची कृती ठरवली आणि इंग्रजांनी ती पळवली. यंदा हा संदेश आमच्या कुटुंबाच्या गटावरही आला. देवळीच्या घरी ओट्याशी उभ्या असलेल्या आजीला मी तो वाचून दाखवला. तिने मानही न वळवता विचारले, "पाच हजार? माह्या मायच्या घरी तं चाय नोतीच बापा. सकाळी आंबील रायची, नाहीतर ताक."

मित्रहो, आजचा थ्रेड या दोन विधानांमधील अंतराविषयी आहे. थोडा लांब आहे. चहा मांडून बसा.

२/
आधी आजीचा चहा कसा होतो ते पाहू, कारण पुढचा सगळा इतिहास त्या कृतीत दडलेला आहे. गंजात, म्हणजे आमच्याकडच्या उभट पातेल्यात, ती मोजून पाणी घेते. अद्रक खलबत्त्यात ठेचून त्याच पाण्यात टाकते. पाण्याला उकळी फुटली की साखर आणि चहापत्ती. रंग चांगला उतरला की दूध. दूध वर आले की गंज उचलायचा, खाली बसले की पुन्हा ठेवायचा, असे दोनदा. अगदी शेवटी गवती चहाची दोन पाती मुरडून टाकायची, विलायची ठेचून घालायची आणि झाकण ठेवायचे. थंडीत अद्रकाच्या जोडीला सुंठ आणि चार मिरे येतात.

ही कृती माझ्या आईने तिच्याकडून घेतली, मी आईकडून. आमच्या घरात तिला 'परंपरा' म्हणतात. तर मग ज्या बाईकडून ही परंपरा सुरू झाली, तिच्याच बालपणी ती का नव्हती?

३/
उत्तर शोधायला प्रथम सुरतेला जावे लागते. होय, तीच सुरत, जिच्यावर शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये स्वारी केली. महाराजांच्या जन्मानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १६३८ मध्ये, योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्सलो नावाचा जर्मन प्रवासी तेथे उतरला. सुरतेत चहा नित्य घेतला जातो, असे त्याच्या प्रवासवर्णनात आले आहे. पुढे १६८९ मध्ये, म्हणजे संभाजी महाराजांच्या हत्येच्या वर्षी, जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री तेथे जायला निघाला. १६९६ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात आपल्या कामाची नोंद आहे. सुरतेचे व्यापारी चहाच्या पाण्यात उष्ण मसाले उकळतात आणि डोकेदुखी, मूतखडा, पोटातील मुरडा यांवर तो गुणकारी मानतात, असे तो सांगतो. खडीसाखर घालून किंवा मुरवलेल्या लहान लिंबांसह चहा पिण्याची तऱ्हाही त्याने टिपली आहे.

४/
म्हणजे मसाला घातलेला चहा हिंदुस्थानात सव्वातीनशे वर्षांपूर्वी होता. येथवर संदेश फिरवणाऱ्यांना आनंद व्हायला हरकत नाही.

परंतु ती पत्ती चीनची होती आणि डच व इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून येत होती. पिणारे बंदरातील सधन लोक होते, आणि चहाचे स्थान स्वयंपाकघरापेक्षा औषधाच्या फडताळाजवळ होते. दुधाचा त्या वर्णनात उल्लेख नाही. या चहापासून देवळीच्या गंजापर्यंत सलग वंशावळ लावणे, हे माझ्या मते इतिहासाशी केलेले लाडिक खोटे आहे. नाते आहे, पण ते रक्ताचे नाही. एखादे परके पान हाती आले की ते सुंठ-मिऱ्याबरोबर उकळून पाहावे, ही सवय दोन्हींकडे एकच आहे.

५/
त्या सवयीचे जुने नाव काढा. सुंठ, मिरे, तुळस, लवंग, दालचिनी, गूळ यांचा काढा घराघरांत होता आणि त्याला कोणाच्या मळ्याची गरज नव्हती. गंमत गवती चहाची आहे. ते चहाच्या झाडाचे दूरचेही आप्त नाही. ते एक सुगंधी गवत आहे. तरीही मराठीने त्याला 'चहा' म्हटले. हे नाव चहा माहीत झाल्याखेरीज पडूच शकत नाही. जुन्या वनस्पतीला नव्या पेयाचे नाव मिळाले, ते नव्या पेयात पडल्यामुळे. भाषा कधी कधी दप्तरखान्यापेक्षा चोख नोंद ठेवते.

६/
हिंदुस्थानातील मळ्यांचा चहा ही एकोणिसाव्या शतकातील घडामोड. आसामातील सिंगफो लोक चहाचे झाड आधीपासून जाणत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला त्याची माहिती मिळाली, ती मणिराम दिवाण यांच्या मध्यस्थीने. आसाम कंपनी १८३९ मध्ये उभी राहिली. हेच मणिराम दिवाण पुढे स्वतः मळे लावणारे आरंभीचे भारतीय ठरले आणि १८५७ च्या उठावातील सहभागाबद्दल १८५८ मध्ये फासावर गेले. मळ्यांवर राबायला छोटा नागपूर आणि त्यालगतच्या मुलखांतून करारबद्ध मजूर नेले गेले. मध्यप्रांताच्या पूर्वेकडील, आजच्या छत्तीसगडातील माणसेही त्यांत होती, आणि आपला वर्धा जिल्हा तेव्हा याच मध्यप्रांतात होता.

म्हणजे प्रांतातील माणसे चहाकडे गेली, पण चहा अजून प्रांतात आला नव्हता. तो पिकत होता लंडनसाठी.

७/
आता आपल्या मुलखात येऊ. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढला गेला. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर वसवले गेले आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. या सगळ्या घाईमागे कापूस होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला. देवळी ही त्या कापसाची पेठ. आज देवळी तालुक्यात मोडणाऱ्या पुलगावला रेल्वे होती आणि १८८९ मध्ये तेथे कापडगिरणीही निघाली.

कापसाच्या गाठी घेऊन मुंबईला जाणारी गाडी परतताना काय काय आणू लागली, याची यादी मोठी आहे. घासलेट, आगपेट्या, साखर, चिनी मातीच्या कपबश्या. चहाची पत्ती याच वाटेने आली.

८/
पण पत्ती आली म्हणून चहा घरात आला, असे होत नाही. मध्ये एक उंबरठा होता. तो समजायला पुण्यातील एका प्रसंगाकडे वळावे लागते.

१४ ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. चाळीसहून अधिक प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले त्यांत होते. कार्यक्रमानंतर पाद्र्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी प्याले, कोणी नुसता कप हाती धरला, कोणी शिवले देखील नाही. मंडळींना तेथे जमवण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशी यांचा. पहिल्या मराठी स्त्री-डॉक्टर आनंदीबाईंचे हेच पती. या विक्षिप्त गृहस्थांनी मग हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. शहरात वणवा पेटला.

९/
सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ते पटले म्हणून घेतले नव्हते. बहिष्काराने मित्रांच्या कुटुंबांची कुचंबणा होऊ नये म्हणून घेतले होते. सुधारकांनीच त्यांच्यावर टीका केली. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या दिवसांचा ताण वाचायला मिळतो.

शाळेत हा प्रसंग गमतीची गोष्ट म्हणून सांगतात. तो तसा नाही. भांडण चहाच्या पानाचे नव्हते. पाणी कोणाचे, उकळले कोणी, कप कोणाचा, हा प्रश्न होता. चहा हे पाण्याचेच दुसरे रूप, आणि आपल्या समाजात पाण्याला जात होती.

१०/
म्हणूनच हॉटेल नावाची वस्तू आली तरी उंबरठा संपला नाही. चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या कपबश्या बाहेर वळचणीला ठेवलेल्या असत. चहा पिऊन त्यांनीच त्या विसळून ठेवायच्या. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांसाठी खुले केले ते जुलै १९२८ मध्ये. मंदिराचे दार उघडले, याची नोंद पुस्तकांत आहे. वळचणीची कपबशी कधी आत आली, याची तारीख कोणी लिहीत नाही.

आजीला मी हेही विचारले. ती लपवत नाही. "या घरीही होता," ती म्हणाली. "बाहेरच्या कोनाड्यात, कान तुटलेला." परंपरा मोजायची तर हा कपही त्यात मोजावा लागतो.

११/
आता चहावाल्यांकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी मळेवाल्यांना बाजार कमी पडू लागला. त्यांच्याच मागणीवरून १९०३ मध्ये कायदा झाला आणि निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसला. त्या पैशांतून चहाचा प्रचार करायचा. आरंभी हा पैसा मुख्यतः परदेशांतील प्रचारावर गेला. देशातील कोट्यवधी माणसे गिऱ्हाईक होऊ शकतात, हा विचार मागाहून जोर धरू लागला.

खरा रेटा आला मंदीनंतर. भाव कोसळले, १९३३ मध्ये चहा उत्पादक देशांनी निर्यातीवर मर्यादा घालणारा करार केला आणि उरलेला चहा खपवायला घरचीच बाजारपेठ उरली. मग जे सुरू झाले, ते आपल्या देशातील पहिल्या मोठ्या जाहिरातमोहिमांपैकी एक म्हणावे लागेल.

१२/
जत्रा, बाजार, गिरण्या, रेल्वे स्थानके, काहीही सुटले नाही. फुकट चहा वाटणाऱ्या गाड्या फिरल्या. एका पैशाची चिमुकली पाकिटे निघाली, कारण गरीब माणूस पावशेर पत्ती विकत घेत नाही, हे विक्रेत्यांना कळले होते. रेल्वे स्थानकांवर मुलामा चढवलेले लोखंडी फलक लागले आणि त्यांवर देशी भाषांतून चहाची कृती पायरी-पायरीने शिकवली होती. ती कृती अशी : ताजे पाणी उकळा, किटली आधी गरम करा, माणशी एक चमचा पत्ती घाला, वर पाणी ओता, काही मिनिटे मुरू द्या, मग कपात दूध-साखर.

पाहा, या कृतीत अद्रक नाही. पत्ती उकळायची नाही. दूध चुलीवर चढायचे नाही. थोडक्यात, आजी जे करते त्यातले जवळपास काहीच नाही.

१३/
टपरीवाल्यांनी हा धडा ऐकला आणि बाजूला ठेवला. पत्ती महाग, दूध-साखरेने पोट भरते, आणि मसाल्याने थोड्या पत्तीचा चहाही दमदार लागतो. हिशोब सरळ होता. त्यांनी सगळे एकत्र उकळले. प्रचारकांना हे रुचले नाही, कारण मसाला जास्त म्हणजे पत्तीचा खप कमी. निरीक्षक येत, विक्रेत्यांना 'योग्य' चहा करून दाखवत आणि निघून जात. ते वळणापलीकडे गेले की पातेले पुन्हा चढे.

संदेशातील वाक्य येथे उलटे होते. इंग्रजांनी मसाला चहा चोरला नाही. इंग्रज मळेवाल्यांनी साधा चहा विकला, आणि तो बिघडवू नका असे बजावले. आपल्या लोकांनी तो हवा तसा बिघडवला.

१४/
वर्ध्याच्या गोष्टीत मात्र आणखी एक पात्र आहे, आणि ते चहाच्या बाजूचे नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. पुढे त्याचेच नाव सेवाग्राम झाले. देवळीपासून हे अंतर पंचवीसएक किलोमीटर. आजीचा जन्म त्याच वर्षीचा. तिला जन्मतारीख ठाऊक नाही, पण गांधीबाबा सेगावात आले ते साल घरात सर्वांच्या लक्षात होते. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली ग्रामोद्योग संघाचे काम चालू होते. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, साखरेऐवजी गूळ. या विचारात मळ्यावरच्या चहाला जागा असणे शक्यच नव्हते.

म्हणजे ज्या दशकात चहाची मोहीम देशभर सर्वांत जोरात होती, त्याच दशकात चहाचा सर्वांत वजनदार टीकाकार आमच्या जिल्ह्यात राहत होता.

१५/
आता १९४२. १४ जुलै रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात तो ठराव केला, ज्यातून 'छोडो भारत' उभे राहिले. अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत सगळे पकडले गेले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. आझाद, नेहरू, पटेल यांना अहमदनगरच्या किल्ल्यात. इकडे वर्धा जिल्ह्यात १६ ऑगस्टला आष्टीला गोळीबार झाला, माणसे मेली. त्या महिन्यात या जिल्ह्यात चहाची चर्चा कोणी करत नव्हते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे.

पण दोन्ही तुरुंगांत चहावर लेखन झाले.

१६/
आगाखान पॅलेसमध्ये १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई गेले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत गांधीजींनी आरोग्यावरचे आपले लहानसे पुस्तक लिहायला घेतले आणि डिसेंबरात पुरे केले. मराठीत ते 'आरोग्याची गुरुकिल्ली' म्हणून ओळखले जाते. त्यात चहा, कॉफी, कोको यांवर एक प्रकरण आहे. या पेयांची शरीराला गरज नाही, चहातून जे काही मिळते ते गरम पाणी, दूध आणि साखरेचे, असे ते म्हणतात. मुख्य आक्षेप पत्ती उकळण्यावर. उकळल्याने तिच्यातील टॅनिन उतरते, आणि कातडी कमावणारे जे द्रव्य, ते पोटात जाऊन काय करील? पत्तीवरून नुसते उकळते पाणी ओतून गवताच्या काडीइतका फिका रंग आला, तर तो चहा त्यांना चालण्यासारखा वाटतो.

१७/
तिकडे नगरच्या किल्ल्यात मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करत. चिनी चहा, 'व्हाइट जॅस्मिन', दुधाविना. 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या पत्रसंग्रहात चहावर रंगून लिहिलेली पाने आहेत. दूध घालून चहा पिणे त्यांना चहाचा अपमान वाटे. अशा चहाला त्यांनी पातळ हलव्याची उपमा दिली आहे आणि दुधाची ही खोड इंग्रजांनी लावली असा त्यांचा रोख आहे.

पुणे आणि अहमदनगर यांत अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आत. एकाला उकळलेला चहा नको, दुसऱ्याला दुधाचा नको. ज्या मळेवाल्यांच्या राज्याने दोघांना कोंडले होते, त्यांनाही उकळलेला, मसालेदार चहा नकोच होता. राष्ट्रपिता, राष्ट्रसभेचा अध्यक्ष आणि साम्राज्याचे व्यापारी यांचे ज्या एका गोष्टीवर एकमत व्हावे, ती गोष्ट जनतेने बिनदिक्कत केली.

१८/
रसायनशास्त्राने जनतेची बाजू थोडी राखली आहे. दुधातील केसीन हे प्रथिन टॅनिनसारख्या द्रव्यांशी बांधले जाते, त्यामुळे तुरटपणा मवाळ होतो. गांधीजींचा जो आक्षेप तुरटीवर, त्याला उत्तर मौलानांना नकोशा असलेल्या दुधात होते. (यावरून चहा औषधी आहे असा निष्कर्ष काढू नये, माझे म्हणणे फक्त चवीपुरते आहे.)

१९/
स्वातंत्र्य आले तेव्हा चहाने खादी पांघरली. १९४७ च्या सुमारास चित्रकार अन्नदा मुन्शी यांनी केलेले एक जाहिरातचित्र प्रसिद्ध आहे. चरख्यावर सूत काततणारी स्त्री, शेजारी चहाचा कप, आणि चहा शंभर टक्के स्वदेशी असल्याचा दावा. सेवाग्रामचा चरखा चहा विकायला बसला, हे चित्र वर्धेकराने डोळे भरून पाहावे असे आहे. कटू म्हणा, विनोदी म्हणा. मला ते दोन्ही वाटते.

२०/
घराघरांतील मसाला चहाला आजचे रूप देणारी वस्तू मात्र कोणा नेत्याने आणली नाही. ती एका यंत्राने आणली. १९३० च्या सुमारास आसामच्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी पाने चिरडून, फाडून, वळवून त्यांचे बारीक दाणे करणारे यंत्र तयार केले. त्या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो सीटीसी चहा. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत तो देशभर पसरला. दाणेदार पत्ती स्वस्त, थोडक्यात गडद रंग देणारी, उकळीला न डगमगणारी. नाजूक पानाचा चहा दुधात आणि अद्रकात हरवून जातो. हा दाणा हरवत नाही.

आजी लग्न होऊन देवळीला आली ती १९५४ मध्ये. कलकत्त्यात चहा मंडळ, म्हणजे टी बोर्ड, सुरू झाले तेही त्याच वर्षी. आजीला अर्थातच त्याची खबर नव्हती. सासरी आरंभी चहा फक्त पाहुण्यांसाठी, तोही गुळाचा. तिच्या आठवणीत रोजचा, सकाळ-संध्याकाळचा दुधाचा चहा साठच्या दशकातला. कापूस वेचणीला बाया येत, त्यांच्यासाठी शेतावर किटली जाऊ लागली, तीही तेव्हाच.

२१/
मग या कृतीचा कर्ता कोण? टपरीवाल्याचे नाव निदान 'टपरीवाला' म्हणून तरी इतिहासात येते. घरात ज्या बायांनी काढ्याचे ज्ञान चहाला लावले, त्यांचा उल्लेख उपकर समितीच्या अहवालांत कसा असणार?

हे ज्ञान किरकोळ नव्हते. अद्रक आधी पाण्यात का? कच्च्या अद्रकात प्रथिने तोडणारे विकर असते. ते तसेच दुधात गेले तर दूध फाटते, आणि आधी उकळले तर निकामी होते. गवती चहा शेवटी का? त्याचा वास उडून जाणाऱ्या तेलाचा आहे. फार उकळला तर पाती राहतात आणि वास स्वयंपाकघरभर होतो. गूळ गॅस बंद केल्यावर का? उकळत्या दुधात तो टाकला की दूध नासण्याचा धोका. आजीला विकर हा शब्द माहीत नाही. "दूध फाटते म्हणून" एवढेच ती सांगते, आणि तिला हे तिच्या सासूने सांगितले. ती सासू, जिच्या स्वतःच्या बालपणी चहाच नव्हता, दूध फाटण्याचा नियम कोठून शिकली? सुंठीच्या-अद्रकाच्या दुधातून, काढ्यातून, बाळंतिणीच्या खाण्यातून.

म्हणून वयाचा प्रश्न दोन भागांत सोडवावा लागतो. पत्ती आमच्या घरात ऐंशी वर्षांची. हात त्याहून कितीतरी जुना. पाच हजार हा आकडा मात्र कोणत्याच भागात बसत नाही.

२२/
देवळीला आता स्वतःचे रेल्वे स्थानक आहे. वर्धा-कळंब हा नव्या मार्गाचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आजीला तेथे नेले होते. तिने फलाटावर चहा घेतला, एक घोट पिऊन कप माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "अद्रक मागून टाकलं यानं."

२३/
एक विनंती. चहा नसलेले घर ज्यांनी पाहिले आहे, ती पिढी आता नव्वदीला आली. आपल्या घरातील सर्वांत वयस्क माणसाला इतकेच विचारा : चहा घरात कोणत्या साली, कोणाच्या हातून आला, त्याआधी सकाळी काय घेत, आणि बाहेरच्या कोनाड्यात कप होता का? उत्तर गावाच्या नावासह खाली लिहा.

पहिली नोंद माझी. आजीचे माहेर, पुलगावजवळचे एक खेडे, आजचा देवळी तालुका. १९४५ च्या आसपास. पुलगावच्या गिरणीत कामाला असलेल्या मामाने एका पैशाचे पाकीट आणले. त्याआधी आंबील किंवा ताक. कोनाड्यात कप : होता.